नागापूर ते रत्नागिरी : सायकलवरून पाहिलेले कोकण

आपल्या नगर जिल्ह्यातला शेतकरी पंढरपूरला जातो, देवगडला जातो, मुलाबाळांना घेऊन शिर्डी-शिंगणापूर करतो. पण समुद्र पाहिलेली माणसे आपल्या वाड्या-वस्त्यांवर आजही मोजकीच सापडतील. जी कोकणात गेली, ती बहुधा रात्रीच्या गाडीने गेली आणि रात्रीच्या गाडीने परतली. शेतकऱ्याने मुलूख पाहावा तो सायकलवरून. बांधावर काय लावले आहे, विहिरीला पाणी किती आहे, हे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही. सायकलवाल्याला ते दिसते आणि वाटले तर उतरून विचारताही येते.

मी विस्तार अधिकारी. नोकरीची पहिली वर्षे सायकलवरच गेली, त्यामुळे पायांना सवय होती. बरोबर आमचे दाजी होते. ते कांदा आणि ज्वारी करणारे, वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. माघ महिन्यात आम्ही नागापूरहून निघालो. दोन साध्या काळ्या सायकली, कॅरिअरला बांधलेली वळकटी, एक हवेचा पंप, पंक्चरचे सामान, ब्रेकचे जादा रबर आणि घरच्या बाजरीच्या भाकरी एवढाच सरंजाम. सुपे, शिरूर करीत दुसऱ्या दिवशी पुणे गाठले आणि तिसऱ्या दिवशी पौडवरून मुळशीच्या रस्त्याला लागलो.

मुळशीचे धरण पाहताना नगरच्या माणसाने थोडे थांबावे. टाटांच्या वीज कंपनीने हे धरण बांधायला घेतले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध 1921 साली सत्याग्रह सुरू झाला. त्याचे पुढारपण करणारे पांडुरंग महादेव बापट हे आपल्या पारनेरचे. याच लढ्याने त्यांना 'सेनापती' हे नाव मिळाले. धरण झालेच. आज ते पाणी सह्याद्री उतरून भिरा येथे वीज तयार करते आणि कुंडलिका नदीतून पश्चिमेकडे निघून जाते. दाजी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, ज्याची जमीन गेली त्याच्या घरात दिवा कधी लागला असंल?" याचे उत्तर मजजवळ नव्हते.

ताम्हिणी घाटाचा चढ पुण्याकडून फारसा जाणवत नाही. उतार मात्र जपून करावा. ओझे लादलेली सायकल एका ब्रेकवर सोडू नये. दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबावेत आणि मधूनमधून थांबून चाकाच्या धावा थंड होऊ द्याव्यात. खाली विळे, निजामपूर, माणगाव लागते आणि हवाच बदलते. अंगाला घाम चिकटतो. भाताच्या मोकळ्या खाचरांतून उरल्या ओलीवर वाल आणि कुळीथ उभा असतो. पाणी न देता घेतलेले हे पीक पाहून आपल्याकडच्या रब्बी ज्वारीची आठवण होते.

म्हसळ्यावरून आम्ही दिवेआगरला समुद्र गाठला. तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता अगदी पाण्याच्या काठाने जातो. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र. सायकल चालवावी तर अशा रस्त्यावर, असे कोणालाही वाटेल. पण या रस्त्याकाठच्या वाड्या पाहताना मन भरून येते ते वेगळ्याच कारणाने. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागले. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. आजोबांनी लावावी आणि नातवाने खावी अशा त्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नारळ मुळासकट उपटले गेले. ज्वारी गेली तर पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येते. सुपारी फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. शिवाय इथली वाडी गुंठ्यांत मोजायची असते, त्यामुळे हेक्टरी हिशेबाने मदत मिळाली की हातात फारसे काही उरत नाही.

एका वाडीत सत्तरी ओलांडलेल्या आजी अंगणात सुपारी वाळत घालीत होत्या. वादळानंतर त्यांनी स्वतः उभे राहून नवी रोपे लावून घेतली होती. दाजींनी विचारले, "आजी, या वयात सुपारी लावली?" त्या म्हणाल्या, "अरे बाबा, मी खाल्ली ती तरी कुठे मी लावली होती?" तीच रोपे आता कुठे धरू लागली आहेत. मधल्या वर्षांत घर चालले ते केळी, भाजी आणि मुंबईहून मुलगा पाठवी त्या पैशांवर.

हरिहरेश्वरचे दर्शन घेऊन बागमांडल्याला फेरीबोटीत सायकली चढविल्या आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरलो. जवळच नाना फडणविसांचे वेळास आहे. या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्री नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने घरटी राखण्यास सुरुवात केली. आता पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लांबून लोक येतात, गावातल्या घरांतच उतरतात आणि जेवतात. घरातल्या बाईच्या हातचे मोदक आणि सोलकढी यांचे चार पैसे तिच्याच हाती पडतात. राखलेली वस्तू विकलेल्या वस्तूपेक्षा जास्त देते, हा हिशेब या गावाने करून दाखविला आहे.

केळशी, आंजर्ले करीत हर्णैला आलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. पुढे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. 1875 साली सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा इथून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. वय लहान दिसते म्हणून परीक्षकांनी त्याला परत पाठविले. आमच्या खाली दोन चाके होती, तरी दापोलीचा चढ चढताना आम्ही तीनदा उतरलो. तेव्हा त्या चालण्याची किंमत कळली.

या चढावरच आसूद लागते. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' कादंबरीचा हा परिसर. इथे केशवराजाच्या देवळापाशी गोमुखातून बारमाही पाणी पडते. डोंगरातले पाणी पाटाने खाली आणून वाडीवाडीला दिलेले आहे. इंजिन नाही, मोटार नाही, केवळ उताराचा उपयोग. दाजींना समुद्रापेक्षा हा पाट अधिक आवडला.

दापोलीला 1972 साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. आपल्याला जसे राहुरी, तसे कोकणाला दापोली. इथल्या पावसाचा आकडा ऐकला की आपले डोळे विस्फारतात. आपल्याकडे वीस-बावीस इंच पडला तर साल चांगले म्हणायचे. इथे सव्वाशे इंचांच्या वर पडतो. आणि तरीही चैत्र-वैशाखात इथल्या कित्येक वाड्यांवर बायका डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालतात, टँकरची वाट पाहतात. दाजींचा विश्वास बसेना. कारण सोपे आहे. सह्याद्री आणि समुद्र यांत अंतर थोडे, उतार तीव्र आणि जांभा दगड सच्छिद्र. पडलेले पाणी काही वरून वाहून जाते, काही झऱ्यांवाटे निघून जाते. थंडी सरेपर्यंत डोंगर रिकामा होतो.

उलट आपल्याच तालुक्यातले हिवरे बाजार पाहा. पाऊस कोकणाच्या पाव हिस्साही नाही. पण 1990 नंतर गावाने डोंगराला चर खणले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पीक ठरविले. पाणी किती पडले यावर गावाची तहान ठरत नाही, किती थांबविले यावर ठरते. हे वाक्य मी सभांतून अनेकदा बोललो आहे. पण सव्वाशे इंचांच्या मुलखातला रिकामा हंडा पाहिल्यावर त्याचा खरा अर्थ पटतो.

कोकणातले जाणते शेतकरी आता त्याच वाटेला लागले आहेत. ओढ्यावर दगडमातीचे कच्चे बंधारे घालतात. एका बागायतदाराने डोंगरउतारावर कलमांच्या मधोमध खड्डा घेतला होता. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल, आत प्लॅस्टिकचा कागद आणि वर गवताचे झाकण. त्यात चार हजार लिटर पाणी राहते. त्यावर दहा कलमे पहिले उन्हाळे काढतात. आपल्याकडे माळावर सीताफळ, आवळा, चिंच लावणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.

दाभोळला पुन्हा फेरीबोट. पलीकडे धोपावे, गुहागर, हेदवी. तवसाळहून तिसरी बोट जयगडला नेते. डोंगर-डोंगर हापूस आणि काजू दिसतो. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना 1990 मध्ये आली, तेव्हापासून उघड्या वरकस जमिनींवर कलमे चढली. झाडे मोहराने लदलेली होती. पण पुष्कळ घरांना कुलपे होती. मालक मुंबईत आणि बागेची राखण नेपाळहून आलेल्या मजुराकडे. वानरांच्या त्रासाने परसातली भाजी कित्येकांनी सोडली आहे. झाड लावणे सोपे, त्याच्यापाशी राहणे अवघड.

मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थळ, गणपतीपुळ्याला दर्शन, मग आरे-वारेचा उंचावरून समुद्र दाखविणारा रस्ता आणि दहाव्या दिवशी रत्नागिरी. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात नारळाखाली मिरी, जायफळ, दालचिनी अशी 'लाखी बाग' उभी आहे. एका सावलीत चार पिके. आमची वाट सुमारे सव्वापाचशे किलोमीटरांची झाली. सायकली मालगाडीवर चढवून आम्ही एस.टी.ने परतलो.

ज्यांना जायचे असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ या काळात जावे. पाऊस नसतो आणि ऊन सोसते. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर पुरेत. फेरीबोटीच्या वेळा आदल्या गावी विचाराव्यात. प्यायचे पाणी सोबत ठेवावे. घरातल्या मुलांना सायकल चालवता येत असेल तर त्यांना निदान दिवेआगर ते हरिहरेश्वर एवढा टप्पा जरूर दाखवावा. समुद्र तर ती पाहतीलच. पण पडून पुन्हा उभ्या राहिलेल्या वाड्या आणि भर पावसाच्या मुलखात पाण्यासाठी चालणाऱ्या बाया याही त्यांनी पाहाव्यात.

परतल्यावर दाजींनी या उन्हाळ्यात घराच्या वरच्या माळावर दोन खड्डे घेतले आणि वीस आवळ्यांची जागा आखली. मुलगा म्हणाला, "फळं कधी यायची?" ते म्हणाले, "तू थांबलास तर तुला दिसतील."