मिस्टेक झाली

आमच्या गारगोटीच्या बाजारात इंग्रजी न शिकलेला माणूससुद्धा ‘मिस्टेक’ म्हणतो. हिशेबात दहा रुपये जास्त लागले, मिस्टेक झाली. लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं, प्रिंट मिस्टेक. पोराचे मार्क गेले, सिली मिस्टेक. पुढाऱ्याचा अंदाज फसला की वर्तमानपत्रात ‘ब्लंडर’ येतं. दुसऱ्याचं चुकलं की मात्र आपण सरळ मराठीत येतो, ‘खुळं हाय ते!’

मी दहावीपर्यंत शिकलेला. या शब्दांची खरी किंमत मला २०१९ साली कळली.

वेदगंगेच्या काठाला आमची दीड एकर मळी, दोघा भावांच्या नावावर. धाकटा पुण्याला कंपनीत. २००५ च्या पुरात तिथला ऊस गेला होता. म्हणून तो म्हणायचा, “दादा, तिथं ऊस नको, वैरण कर.” मी म्हटलं, “शेती तू करतोस का मी?” दोघांच्या सह्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं आणि ऊसच लावला. ऑगस्टात पाणी चढलं ते आठ दिवस हललं नाही. ओसरलं तेव्हा सुरळ्यांत गाळ बसलेला, शेंडे कुजलेले. भाऊ फोनवर बोलला, मीही वाटेल ते बोललो. मग बोलणंच तुटलं.

दिवाळीच्या आधी पत्र लिहायला बसलो. ‘ऊस लावण्यात जरा मिस्टेक झाली.’ वाचून बघितलं. पाऊस झाला, तशी मिस्टेक झाली. करणारा कुठंच नाही! खोडून ‘ब्लंडर’ लिहिलं. ते कुणा मंत्र्यानं केल्यासारखं वाटलं. ‘नजरचुकीनं’ लिहावं, तर नजर कुठं चुकली होती? नदी रोज समोर दिसत होती.

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, “किती कागद फाडालाय? चुकलाय न्हवं? मग तसंच लिवा की.”

लिहिलं, ‘तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. मी चुकलो. तुझ्या वाटणीचं कर्ज मी फेडीन.’ एवढं लिहायला सगळी संध्याकाळ गेली. दहा रुपयांच्या चुकीला मिस्टेक शब्द चालतो. भावाच्या वाट्याला लागलेल्या चुकीला ‘मी’ लागतो.

पत्राचं उत्तर आलं नाही. दिवाळीला भाऊच आला. पिशवी सोप्यात ठेवून आधी मळीकडं गेला. परत येऊन पाय धुता धुता म्हणाला, “दादा, हत्तीगवताची ठोंबं कुठनं आणायची?”