टप्पू वाढला, बार्ट नाही

आज जेवताना आईने पुन्हा ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ लावलं. अगदी सुरुवातीचा भाग. टप्पू एवढासा, त्याची आई दयाबेन गरब्याच्या पवित्र्यात, आणि भिडे मास्तर ‘सखाराम’ स्कूटरला किक मारतायत.

मालिका २००८ची. दया साकारणारी दिशा वाकानी २०१७मध्ये दिसेनाशी झाली, आणि दया येणार, येणार म्हणत किती भाग निघाले! टप्पूचा तर आता तिसरा नट. पोरांना मिशा फुटतात, त्याला निर्माता काय करणार?

कार्टूनला ही भीती नाही. ‘द सिम्पसन्स’मधला बार्ट १९८९पासून दहा वर्षांचाच आहे. तरी तेही बदललंच. पहिल्या भागांतल्या रेषा ओबडधोबड, त्याच्या बापाचा, होमरचा आवाज जाड, आणि गोष्ट मुख्यतः बार्टची. पुढे ती होमरने बळकावली. तो जास्त जास्त मठ्ठ होत गेला. मला आधीचा, चिडका पण लेकरांसाठी झिजणारा होमर जवळचा वाटतो. (वयाचा परिणाम असेल. माझ्या.)

आईला विचारलं, “‘तारक मेहता’चे नवे भाग का नाही गं बघत?”

“त्यात हसू यायच्या आधी उपदेश येतो,” म्हणाली, आणि पुढचा जुना भाग लावला.