दोन प्रकारची पाने

आम्ही दोघेही मराठीचे एम.ए. आणि पोटासाठी अध्यापन करणारे. अंधेरीत संसार थाटल्यापासून पाने उलटणे हेच आमचे काम. कधी पुस्तकांची, बहुधा उत्तरपत्रिकांची. ‘पाना’ या शब्दाचे अनेकवचनही ‘पाने’ असेच होते, हे व्याकरण ठाऊक होते. ते हाताला कळायला मात्र चाळिशी उलटावी लागली.

निमित्त खांदेदुखीचे. आमची स्प्लेंडर 2005 सालची. आमच्यापैकी एक ती चालवतो, दुसरी मागे बसते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर 2014 पासून डोक्यावरून मेट्रो धावते, पण खालचा खोळंबा काही सुटलेला नाही. त्या खोळंब्यात पुढे वाकून बसणाऱ्याला डॉक्टरांनी बजावले, ‘वाकणे कमी करा.’ उत्तरपत्रिकांपुढचे वाकणे टळणारे नव्हते. म्हणून गाडीचे हँडल उंच करायचे ठरले, आणि तेही स्वतःच्या हातांनी. वर्गात श्रमप्रतिष्ठेवर इतके बोललो होतो की गॅरेजमध्ये जायची लाज वाटली.

उंच हँडल म्हटले की 1969 च्या ‘इझी रायडर’मधला पीटर फोंडा आठवतो. तेवढी बंडखोरी आम्हांला झेपणारी नव्हती. शिवाय हौसेला कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या मर्यादेवर शिक्कामोर्तब केले आहे. आम्ही दोन इंचांवर समाधान मानले.

रविवारी सोसायटीच्या आवारात गाडी मोठ्या स्टँडवर घेतली आणि टाकीवर जुनी चादर घातली. आरसे, स्विच, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर सोडवले. मुठींचे रबर साबणाच्या पाण्याने सैल केले. दोन क्लॅम्पांचे चार बोल्ट काढून जुनी नळी उचलली. नवी नळीही 22 मिलिमीटर जाडीचीच, त्यामुळे ती क्लॅम्पांत चपखल बसली. दुपारपर्यंत सारे जागच्या जागी आले. आम्ही एकमेकांकडे कौतुकाने पाहिले, हे कबूल केले पाहिजे.

मग इंजिन सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे वळवले. मुठीवर कोणाचाही हात पिळलेला नसताना इंजिन आपोआप गरजू लागले. हँडल दोन इंच वर गेले होते, पण ॲक्सिलरेटरची केबल होती तेवढीच राहिली होती. वळताना ती ताणली जाऊन इंजिनाला जादा पेट्रोल देत होती.

‘इतके वळवतो कोण? गाडी लावताना फार तर,’ आमच्यातला एक म्हणाला.

‘मागे मी बसते,’ दुसरी म्हणाली.

त्यावर युक्तिवाद उरला नाही. संध्याकाळपर्यंत जुने हँडल पुन्हा चढवले.

वृत्त शिकवताना आम्ही नेहमी सांगतो, की एका लघूच्या जागी गुरू आला तर सबंध ओळ बिघडते. तेच येथे विसरलो होतो. जे डोळ्यांना दिसते तेवढेच बदलले आणि आतल्या तारांचा विचार केला नाही. लेखनात ‘सैल’ हा दोष मानण्याची आम्हांला सवय आहे. केबलला मात्र थोडा सैलपणा लागतोच. तो नसेल तर वळणावर धोका.

पुढच्या रविवारी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अशा तिन्ही लांब केबली आणल्या. त्या कोठे दुमडणार नाहीत, अडकणार नाहीत अशा बेताने ओवल्या. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीदा तरी फिरवले. लिव्हरची मोकळी चाल पाहिली आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला.

सोमवारी नेहमीप्रमाणे निघालो. खांदे खरोखरच हलके वाटत होते. पण पहिल्या वळणावर दोघेही एकदम गप्प झालो आणि कान देऊन ऐकू लागलो. इंजिनाचा आवाज बदलला नाही. मग मागून परीक्षेच्या वेळापत्रकाचा विषय निघाला.