टोपलीतली म्हाकूल

मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे लाँचा लागल्या की जेट्टीवर टोपल्या उतरू लागतात. त्या दिवशी एका टोपलीत सगळ्यात वर म्हाकूल होती. पांढुरकं, ओलं अंग, आणि त्यावर तपकिरी ठिपके उमटत होते, विरत होते, पुन्हा उमटत होते. दूध तापताना साय थरथरते तसं काहीतरी त्या कातडीखाली चाललं होतं. मी तिथंच उकिडवी बसले. “जीव हाय आजून तिच्यात, ताई,” टोपलीवाली म्हणाली आणि तिनं वर मूठभर बर्फ टाकला.

ते ठिपके म्हणजे रंगाच्या बारीक पिशव्या. प्रत्येकीला स्नायू, आणि स्नायूंना थेट मेंदूचा हुकूम. तिच्याच गोतावळ्यातली एक जात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला राहते. तिथला नर मादीला रिझवताना तिच्या बाजूच्या अंगावर नराची नक्षी दाखवतो आणि त्याच क्षणी पलीकडच्या प्रतिस्पर्ध्याला मादीची. एकाच वेळी दोन वाक्यं, दोघांना दोन. आपल्याला तोंड एक आणि श्वास एक, म्हणून आपले शब्द एकामागून एक येतात. मराठीत तर क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्यानं धीर धरायचा. परग्रहावर कुणी बोलत असेल तर कसं बोलत असेल, असं मनात आलं की मला ती म्हाकूल आठवते. सगळं अंगच जीभ असेल, तर बोलण्यात आधी काय आणि नंतर काय?

1977 साली दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी लावून पाठवली. तिच्यात 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीही आहे. देवमाशांचं गाणं आहे. आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर-1 सुटलं 5 सप्टेंबरला; 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही दोन तारखांची जवळीक मला दर वेळी गलबलून टाकते. गोव्यातल्या केरी गावच्या त्या गळ्यानं 2012 साली सूर्यवाऱ्याची वेस ओलांडली, आणि अजून तो पुढंच चालला आहे.

पण ऐकणाऱ्याला कान असतील, हे आपण धरूनच चाललो. ‘नमस्कार’ या शब्दात वाकणं आहे. म्हाकलीला कणा नाही. तिच्यासारखं कुणी असेल तर वाकण्यातला आदर त्याला कसा उमगावा?

गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फाच्या जाड कवचाखाली खारा समुद्र असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. ते पाहायला एक यान 2024 च्या ऑक्टोबरात निघालंही आहे. युरोपा साडेतीन दिवसांत गुरूभोवती फिरतो, आणि त्या ओढीनं तिथला समुद्रच काय, वरचं बर्फही फुगतं आणि ओसरतं. त्या अंधारात कुणी राहत असेल तर त्यानं तारा पाहिलेला नसेल. पहाट, क्षितिज, सावली यांना त्याच्याकडे शब्द नसतील. भरतीला मात्र असेल. मिरकरवाड्यात भरती, सुकती, उधाण, भांग हे शब्द दिवसभर कानावर पडतात. त्यांचे कुणी भाऊबंद तिथंही असतील. विश्वाची भाषा गणित, असं म्हणतात. असेलही. मला भरती जास्त जवळची वाटते.

आणि जे अगदी आपल्यासारखे होते, त्यांचं तरी आपल्याला कुठं कळलंय? राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्यात एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे 18 मीटर लांब. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. कोरणाऱ्यांचे डोळे आपलेच, हात आपलेच, पाऊसही हाच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायाखाली घालून अशी कातळशिल्पं उजेडात आणली. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तरी हत्ती काय सांगतो, ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही. हे काम परग्रहावरच्यांचं, असं कुणी म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. दगडावर दगड घासून ज्यांच्या हातांना घट्टे पडले असतील, त्यांचा तो अपमान आहे.

मी तिथं गेले ती पहिल्या पावसानंतर. सोंडेच्या रेषेत बोट घातलं, तर पेरभर पाण्यात बुडालं. हत्ती नजरेत मावत नव्हता; मी त्याच्या कडेकडेनं चालत राहिले, रेषांतलं पाणी बघत. पायांपाशी कुठंतरी एक बेडूक ओरडत होता. तो थांबला की सड्याच्या पार पलीकडून दुसरा सुरू व्हायचा.