कुंभार्लीची वळणं

४ मे, चिपळूण
पाटणला मामाच्या घरी लग्न आहे. आई म्हणते, "तुम्ही जाऊन या. मला गाडी लागते." नऊ वर्षं तिने माहेर पाहिलेलं नाही, ते केवळ मधल्या कुंभार्ली घाटापायी. घरात सगळे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मीही म्हणत आले.

५ मे
आज वाचत बसले. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. वळण, ब्रेक, चढ सगळं त्याला कळतं. डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची पाठ जागच्या जागी दिसत राहते. दोघांचं जुळत नाही आणि पोट ढवळतं. ज्यांच्या दोन्ही कानांतला हा भाग निकामी झालाय, त्यांना गाडी लागतच नाही. मग मनाचे खेळ कसले?

खड्ड्यातले गचके वेगळे. सेकंदाला ४ ते ८ हादरे बसले की पाठ-कंबर धरते. मळमळ होते ती संथ हेलकाव्यांनी, साधारण पाच-सहा सेकंदांना एक अशा. मागच्या चाकापलीकडे सगळं जास्तच जाणवतं. आई नेमकी तिथेच बसते. का, ते विचारलं. म्हणाली, "मागे बसलं की ओकताना कुणी बघत नाही."

रात्री झोप लागली नाही.

८ मे, पाटण
कराड गाडीत तिसरी रांग मिळाली, चाकांच्या मधली. पोफळी सोडली आणि चढ सुरू झाला. आईला म्हटलं, "पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहा." ड्रायव्हरला वळण आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला सहसा लागत नाही. जरा वेळाने आई पुटपुटू लागली, "आता डावीकडे... आता उजवीकडे." समोरचा दांडा तिने इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

एका वळणावर ट्रकमागे अडकलो. डिझेलचा धूर आत आला तशी ती पांढरीफटक पडली. कपाळावर घामाचे थेंब. खिडकी लावली तर कोंडलं, उघडली तर धूर. ट्रक पुढे गेल्यावर काच पूर्ण सरकवली, वारा लागू दिला, आमसूल तोंडात दिलं. हेळवाकला रंग परतला. कॅरीबॅग घडी केलेली तशीच राहिली.

मामा तिला बघून रडला.

१० मे
परतीला पुढच्या सीटा भरलेल्या. मी काही बोलायच्या आत आई तिसऱ्या रांगेतल्या मुलाजवळ गेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाळा, मला गाडी लागते. मला इथं बसू दे."