मामा, वही आणा

कपिलधार म्हटले की बीड जिल्ह्यातल्या माणसाला पावसाळ्यातला धबधबा, मन्मथस्वामींची समाधी आणि कार्तिकीची यात्रा आठवते. आम्हाला मात्र तेथली एक आगगाडी आठवते. इंजिन वीतभर लांबीचे. पण कचेरीतल्या वीस वर्षांच्या नोकरीने जे शिकवले नाही, ते तिने आम्हाला शिकवले.

आमची थोरली बहीण त्या परिसरात राहते. तिचा धाकटा मुलगा आयटीआय करून मांजरसुंबा रस्त्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. एकदा तो कामानिमित्त पुण्याला गेला आणि कोथरूडचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आला. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले हे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. सिग्नल, पूल आणि त्यांमधून धावणाऱ्या इवल्या गाड्या पाहून पोरगा वेडा होऊन परतला. बीडला तेव्हा रेल्वे आली नव्हती. नगर-बीड-परळी मार्गाची वाट पाहण्यात आमची अख्खी पिढी गेली. गाडी आष्टीपर्यंत आली २०२२ साली आणि बीडला पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. "ती येईल तव्हा येईल मामा, मी आधी आणतो," असे भाचा म्हणाला होता.

त्याने कोणाकडून तरी जुने रूळ मिळवले. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे हे माप. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. जुन्या टेपरेकॉर्डरची १२ व्होल्टची मोटार काढली, खेळण्यातली दातेरी चाके जोडली, वर पत्र्याचा सांगाडा बसवला. आम्ही रविवारी गेलो तेव्हा त्याने गाडी चालवून दाखवली. सुटताना तिने हिसका दिला, वळणावर चाके जागच्या जागी फिरली, रुळाच्या सांध्यावर थांबली. त्याने बोटाने ढकलली, तेव्हा पुढे गेली. "कशी हाय मामा?" त्याने विचारले. बहीण चहा घेऊन उभी होती. आम्ही म्हणालो, "वा! एकदम झकास!"

पुढच्याच महिन्यात एका शाळेच्या प्रदर्शनात ती ठेवली. दीडदोनशे मुले भोवती जमली. गाडी दोन फेऱ्यांनंतर सांध्यावर अडकली ती अडकलीच. मोटार इतकी तापली की हात लावता येईना. मुले हसली. भाच्याने मुकाट्याने रूळ गोळा केले. परतताना एसटीत त्याने एकच प्रश्न केला, "मामा, तुम्हाला हे आधी दिसलं व्हतं का?"

आम्ही खोटे बोलू शकलो नाही. "दिसलं होतं," म्हणालो. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याचे ते गप्प बसणे आम्हाला कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागले. पोराचा हिरमोड होऊ नये म्हणून आम्ही गोड बोललो, आणि तोच हिरमोड दोनशे पोरांसमोर झाला.

महिनाभर तो आमच्याशी धड बोलला नाही. मग एके दिवशी निरोप आला, "मामा, वही घेऊन या. कौतुक घरी ठेवा."

आम्ही बीकॉम, कारकुनी पेशाचे. मोटारीतले काही कळत नाही, पण नोंद कशी करावी हे कळते. प्रत्येक फेरीची नोंद घेतली: किती व्होल्टला सुटली, कुठे थांबली, किती मिनिटांनी तापली. भाच्याला एकदम चार गोष्टी बदलायच्या होत्या. आम्ही म्हणालो, "एका वेळी एकच. नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचे नाही." तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही, दोन चुका एकमेकींना झाकतात. गाडीचेही तेच.

दोष एकेक करून सापडले. मोटार फार वेगात फिरत होती आणि दातेरी चाके ती गती पुरेशी कमी करत नव्हती, म्हणून हिसका. त्याने मळसूत्री आट्यांचा वर्म गिअर आणला. ३० दात्यांच्या चाकाशी तो जोडल्यावर मोटारीच्या ३० फेऱ्यांना धुरा एकदा फिरू लागला. गाडी मुंगीच्या पावलाने सुटू लागली. वीज दोनच चाकांतून येत होती, ती सगळ्या चाकांतून घेतली. वजनासाठी पोटात लोखंडी वायसर भरले, वळणावरचे घसरणे थांबले. दाते एकमेकांत फार घट्ट बसले होते, म्हणून मोटार तापत होती. मोटार कसताना दात्यांमध्ये कागदाचा कपटा ठेवला आणि नंतर काढून घेतला. तेवढी फट पुरली. शेवटी लेथवाल्याकडून पितळेची छोटी चकती करून मोटारीच्या दांड्यावर बसवली. वीज क्षणभर तुटली तरी तिच्या जोरावर गाडी सांधा ओलांडते.

एकदा आम्हीच चुकलो. "आज गाडी जास्त अडते, तुझ्या जोडणीत दोष आहे," असे आम्ही ठणकावून सांगितले. त्याने रुळावर बोट फिरवले. ते काळे झाले. रुळाला तेल आम्हीच लावले होते. आम्ही वहीत आमचीही चूक लिहिली. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

परीक्षेचा धाक मोठ्यांनाही चुकलेला नाही. १८२९ साली इंग्लंडमध्ये रेनहिल येथे इंजिनांची जाहीर चाचणी झाली. पाच उतरली, बाकीची या ना त्या कारणाने बाद झाली. स्टीफन्सनचे 'रॉकेट' तेवढे पुरे पडले. आपल्याकडेही रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी झाल्याशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी धावत नाही.

दुसऱ्या खेपेस त्याच शाळेत गाडी दोन तास चालली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मुले नुसती पाहत राहिली. एक लहान मुलगी रुळाजवळ गाल टेकून बसली होती. भाचा आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, डावीकडच्या वळणावर आवाज येतोय. लिहा."

आम्ही वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तेथेही मुलांच्या कच्च्या निबंधाला "छान" म्हणण्याची सवय आम्हाला होती. आता म्हणत नाही. शेजारी बसतो आणि कुठे अडते ते दाखवतो. आपली पोरे गरिबीतून वर येतात, त्यांना जग सवलतीने तपासत नाही. मग पहिली तपासणी घरातच, मायेच्या माणसाकडून झालेली काय वाईट?