मोतीबागेतली अडीच फुटी गाडी

रविवारी सकाळी मोमिनपुऱ्यातून निघालो तेव्हा माझ्या दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा उतरलेला होता. मोबाइल घरी ठेवायचा, एवढी एकच अट होती. तीन वर्षांची धाकटी तर रिक्षात बसेपर्यंत रडत होती. दोष तिचा नाही. स्वयंपाक उरकावा म्हणून कार्टून लावून तिच्या हाती फोन देणारी मीच. या वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी असेल तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. आमच्याकडे तो तास नाश्त्यालाच संपायचा.

पण मला खरी टोचणी वेगळीच होती. माझे सासरे, मुलांचे दादाजान, असरच्या नमाजनंतर नातवाला हाक मारायचे. "आलोच" असे उत्तर यायचे, मुलगा यायचा नाही. हळूहळू अब्बांनी हाक मारणेच सोडून दिले. म्हणून आज त्यांनाही सोबत घेतले.

कडबी चौकाजवळ मोतीबागेत रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ साली सुरू झालेले. नागपुरात राहूनही मी आत पहिल्यांदाच गेले. जुनी वाफेची इंजिने, डबे, कंदील आणि लहान मुलांसाठी एक छोटी गाडी. धाकटी त्या गाडीत बसली आणि रडणे विसरली. (उन्हाळ्यात दुपारी मात्र जाऊ नका. नागपूरचे ऊन मोठ्यांनाही सोसत नाही.)

मुलगा बराच वेळ रिकामा खिसा चाचपत राहिला. मग अब्बा रुळाशी वाकले. "बेटा, वीत टाकून बघ."

त्याच्या पाच विती भरल्या. दोन रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

"दादाजान, एवढ्याशा रुळावरून गाडी पडत नाही?"

झाले, अब्बा बोलू लागले. त्यांचे बालपण उमरेडचे. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी उमरेड, भिवापूर करत जायची. चढावर ती इतकी हळू व्हायची की पोरे उतरून तिच्या बाजूने धावत. भिवापुरी मिरचीची पोती डब्यात चढली की सगळे प्रवासी खोकत खोकत इतवारीला उतरत. मोठी लाइन टाकायची म्हणून ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. लग्न होऊन मला बारा वर्षे झाली, पण यातले काहीही मी ऐकलेले नव्हते. कधी विचारलेच नव्हते.

इतक्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. 'फोटोपुरता' म्हणून मी तो गुपचूप आणला होता. मुलाने माझ्याकडे पाहिले. "अम्मी, अट सगळ्यांची होती ना?" मी तो बंद करून अब्बांच्या हाती दिला.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतात. परत येताना मी ते सांगितले, तर अब्बा म्हणाले, "आपल्याला भोंगा कशाला? मगरिबची अजान होतेच की." तेव्हापासून मगरिब ते इशा, साधारण सव्वा तास, सगळ्यांचे फोन पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर. पहिल्या आठवड्यात हा नियम दोनदा मोडला, तोही मुलांनी नव्हे, त्यांच्या अब्बूंनी. दुकानाचे फोन नेमके त्याच वेळी येतात. त्यावर अजून तोडगा सापडलेला नाही. धाकटीही रोज फळीखाली उभी राहून एकदा तरी रडते.

काल मुलाने विचारले, "दादाजान, गाडी भिवापूरला किती वाजता पोहोचायची?" अब्बांना वेळ आठवेना. इशाची अजान झाली तरी दोघे वहीच्या मागच्या पानावर उमरेडपासूनची स्टेशने लिहीत बसले होते. मधले एक नाव अजून सापडायचे आहे.